डाव्या हाताचं वळण

मेघा रामटेकेनं गाडीची मागची स्प्रिंग पुन्हा काढायला घेतली तेव्हा मोहितनं हातातला पाना आदळला.

"आता काहून काढून राहिली? कालच बसवली ना आपण?"

"कडक आहे. वळणातून निघताना मागचं चाक उड्या मारत असंन. तिथंच वेळ चालला आपला."

"परवा म्हणे नरम आहे."

मेघाचे हात चालूच होते. हिंगण्याच्या कारखान्यात दिवसभर ट्रेलरच्या ड्रॉइंगसमोर बसून आली की शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तिला काहीतरी उघडावं लागायचं. नट सैल केला की जरा बरं वाटायचं. आवळला की पुन्हा शंका यायची.

शेड मोहितचं. नागपूरबाहेर वाडीला अमरावती रोडवरून आत वळलं की ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत अगदी शेवटचं. पुढच्या भागात ट्रकच्या बॉड्या बनायच्या, मागच्या कोपऱ्यात ही गाडी उभी असायची. पाइपांचा पिंजरा, त्यात एकच सीट, सीटच्या पाठीमागं भंगारात निघालेल्या एका मोटारीचं इंजिन. दार नाही, काच नाही. कॉलेजात दोघं एकाच टीममध्ये गाड्या बनवायचे. बाकीची पोरं पुण्याला, बंगलोरला गेली. मेघा आणि मोहित इथंच राहिले आणि गाड्या बनवत राहिले. गाडी चालवायची मेघाची धाकटी बहीण, पिंकी.

शर्यत घाटातली. परतवाड्याच्या पुढं सातपुड्यात एक क्लब दर हिवाळ्यात घाटाचा एक रस्ता दिवसभर बंद करून घ्यायचा. गाड्या एकदम सोडत नाहीत. खालून एकेक गाडी एकटीच निघते, वळणं घेत वर जाते, आणि दोन फेऱ्यांत ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकतो. सरळ रस्त्यावर पळणारी गाडी तिथं कामाची नाही. हलकी हवी, वळणातून बाहेर पडताच चढाला भिडणारी हवी. अशी गाडी नागपुरात बसून बनवायची म्हणजे अडचणच. इथं घाट कुठला? सेमिनरी हिल्सला टेकडी म्हणायलाही मन मोठं करावं लागतं.

गेल्या वर्षी त्याच शर्यतीत पिंकीची गाडी घसरली होती. डाव्या हाताचं वळण, रस्त्यावर बारीक गिट्टी. मागची चाकं सुटली, गाडी गरकन फिरली आणि डाव्या अंगानं दरडीवर जाऊन आदळली. पिंकीच्या खांद्याची हासळी मोडली. मेघा तेव्हा वर, शेवटच्या रेषेजवळ होती. तिनं काहीच पाहिलं नाही. गाडीचा आवाज येत होता, आणि मग यायचा थांबला, एवढंच.

पिंकीचा हात गळ्यात बांधलेला होता तेव्हाच मेघानं गाडीचं ड्रॉइंग नव्यानं काढलं. सीट होईल तितकी खाली नेली, कारण वजन खाली असलं की गाडी कलंडत नाही. डाव्या बाजूला डोक्याच्या वरून पुढं तिरपा येणारा एक जाड पाइप टाकला आणि तो जिथं पिंजऱ्याला मिळतो तिथं पोलादी पट्टी जोडून घेतली. मोहितनं वेल्डिंग केलं आणि म्हणाला, आता या बाजूनं ट्रक घातला तरी काही होत नाही. त्या संध्याकाळी मेघा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पण गाडी हळू झाली होती. का, ते तिला सापडत नव्हतं.

रविवारी सकाळी तिघं पिकअपवर गाडी लादून उमरेडला गेले. तिथं जुन्या कोळसा खाणीतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर उभे आहेत, वर झुडपंही उगवलेली. त्यातल्या एका डोंगरावर डंपरसाठी केलेला मुरमाचा रस्ता अजून शाबूत होता. मोहितच्या मामाच्या ओळखीनं तिथं गाडी चालवायची परवानगी मिळाली होती. सपाट मुलखात चढ आणि वळणं एकत्र मिळतील अशी तेवढी एकच जागा.

पिंकी हेल्मेट घालून बसली. मोहितनं तिचे पट्टे आवळले.

"बरोबर?"

"बरोबर," पिंकी म्हणाली. ती आजकाल एवढंच बोलायची. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बायकांना गाडी शिकवायची, आणि तिथं दिवसभर तोंड चालू असायचं. पण या गाडीत बसली की तिचा चेहरा बंद व्हायचा.

नेहमी मेघा वर जाऊन घड्याळ धरायची. त्या दिवशी तिला तिथं उभं राहवेना. घड्याळ मोहितकडं देऊन ती उतारानं खाली आली आणि डाव्या वळणाच्या जवळ, धोंड्यांच्या मागं थांबली. खालून इंजिन तापत वर आलं. उजवं वळण पिंकीनं असं घेतलं की मेघाच्या अंगावर काटा आला. मग डाव्या वळणाच्या बऱ्याच आधी आवाज एकदम पडला. पाय उचलला होता. गाडी चाचपडत वळली आणि मग पुन्हा जोर धरून निघाली.

दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला मेघा रस्त्याच्या कडेला आली आणि तिनं हात दाखवून गाडी थांबवली.

"स्प्रिंगचं नाही ना हे?" ती म्हणाली. "तू पाय उचलून राहिली."

पिंकीनं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. "हो."

"प्रत्येक डाव्या वळणाले?"

"प्रत्येक."

"काहून सांगतलं नाही मग? मी इतके दिवस मागचं सगळं खोलून राहिली. टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या—"

"काय सांगू?" पिंकी ओरडली. "डावं वळण आलं की मले काही दिसतच नाही, ताई. समोरचं सगळं जाते. रस्ता नसतोच तिथं. भीती म्हणतात ना, ते हेच. अॅक्सिडेंटनंतरचं आहे, आपोआप जाईन म्हणून वाट पाहून राहिली होती. नाही गेलं."

मोहित वरून धावत आला होता. तो मध्येच थांबला.

"दुसरा कोणी पाहा," पिंकी म्हणाली आणि पट्टे सोडले. "माह्यानं नाही होत आता."

ती पिकअपमध्येही बसली नाही. हायवेपर्यंत चालत गेली आणि उमरेडहून येणाऱ्या एसटीनं नागपूरला निघून गेली.

इंदोऱ्याच्या घरात पुढचे दिवस कसेतरीच गेले. त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आई कांताबाई आणि या दोघी. कांताबाई शाळेतून रिटायर झालेल्या, पण पोरींकडं अजून वर्गातल्यासारखं पाहायच्या. पिंकी वेळेवर जेवायची, वेळेवर कामाला जायची, गाडीचं नाव काढायची नाही. मेघा मात्र ताटावरून उठून जायची. गॅलरीत जायची, परत यायची, मोबाइल उचलून ठेवून द्यायची.

"बस ना एका जागी," कांताबाई म्हणाल्या. "त्या पोरीले नाही चालवायची तर नाही चालवायची. जीव वाचला तेवढा पुरे नाही का?"

"मी तिले चालव म्हणतच नाही, आई."

"मग कायले फिरून राहिली अशी?"

मेघा पुन्हा गॅलरीत गेली. तिनं गाडी अशी बनवली होती की पिंकीला काही होऊ नये. त्या गाडीत पिंकी घाबरत होती. म्हणजे पाइप वाढवून, सीट खाली घेऊन, एवढं सगळं करून तिनं नेमकं काय केलं होतं? घाबरलेल्या माणसासाठी गाडी कशी बनवायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

कामठीचा एक पोरगा चालवायला तयार आहे असं मोहित म्हणाला. पण त्याला बोलवायच्या आधी मेघाला नवी स्प्रिंग एकदा चढावर पाहायची होती. दोघं पुन्हा उमरेडला गेले. तिथं पोहोचल्यावर प्रश्न आला की चालवायची कोणी. सीट पिंकीच्या मापाची, अंगाला घट्ट बसणारी. मोहितचा एक खांदा आत गेला की दुसरा बाहेर राहायचा.

"तूच बस," तो म्हणाला. "हळूच ने. फक्त मागचं कसं लागते ते सांग."

मेघानं ही गाडी शेडच्या आवारात पुढं-मागं केली होती, याहून जास्त कधीच नाही. जोरात गाडी चालवायची तिला आवड नव्हती. तिला गाडी बनवायची आवड होती. ती आत सरकली. मोहितनं पिंकीचंच हेल्मेट दिलं आणि पिंकीचे आवळायचा तसेच पट्टे आवळले. छाती दाबली गेली. खांदे सीटला चिकटून बसले.

पहिलं उजवं वळण तिनं सायकलच्या वेगानं घेतलं. चढ लागला. डावं वळण दिसायला लागलं तसं तिनं स्टिअरिंग थोडं फिरवलं, आणि रस्ता गेला.

तिनं ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. काळीज धडधडत होतं. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की मलाही भीतीनं धरलं. पिंकीला होतं ते आपल्यालाही झालं. ती तशीच बसून राहिली, श्वास मोजल्यासारखा घेत. धडधड हळूहळू कमी झाली. पण रस्ता काही परत आला नाही.

मग तिनं नीट पाहिलं. वळणानंतरचा रस्ता परत उलटा फिरून वर चढत होता, म्हणजे तो गाडीच्या समोर नव्हताच. तो डावीकडं आणि वर होता, जवळजवळ डोक्याच्या उंचीवर. आणि नेमका तिथंच, डोळा आणि रस्त्याच्या मध्ये, तो तिरपा पाइप आणि त्याच्या जोडाची पट्टी होती. सीट खाली गेल्यामुळं वरचा आडवा पाइपही त्यात मिसळला होता. तिनं मान पुढं काढायचा प्रयत्न केला. पट्ट्यांनी काढू दिली नाही. पट्टे सैल करून ती वीतभर पुढं झुकली. मुरमाचा तांबडा रस्ता पूर्ण दिसला. मागं टेकली. गेला.

"मोहित!" तिनं हाक मारली. "इकडं ये! पळत ये!"

मोहितला समजायला वेळ लागला, कारण तो आत बसू शकत नव्हता. तो गाडीशेजारी गुडघ्यावर बसला, डोकं तिच्या डोक्याजवळ आणून पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "अरे बाप्पा."

"शेडमध्ये आपण पाहिलं होतं," मेघा म्हणाली. "मी स्वतः पाहिलं होतं. सगळं दिसत होतं."

"शेडमध्ये समोर गोदामाची भिंत आहे. वर कोण पाहते तिथं? सपाट जागा. डावीकडं वर रस्ता असतोच कुठं?"

ती पट्टे सोडून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. एका ठिकाणी उभं राहवेना म्हणून चालायला लागली, परत आली. हसावं की रडावं ते समजत नव्हतं. पिंकी घाबरली नव्हती. म्हणजे घाबरली असेलही. पण दिसत नाही म्हणाली होती ते खरंच दिसत नव्हतं. आणि ते ज्यानं लपवलं तो पाइप मेघानं तिला जपायला म्हणून टाकला होता.

दुपारी ती थेट पिंकीच्या ड्रायव्हिंग स्कूलला गेली. पिंकी एका मध्यमवयीन बाईला गाडी मागं घ्यायला शिकवत होती. "आरशात पाहा काकू, आरशात. घाई कायले करून राहिल्या?" मेघा कडुनिंबाखाली थांबली. काकू उतरल्यावर पिंकी आली, तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "आईले काही झालं का?"

"नाही वं. तू माह्यासंग उमरेडले चल."

"ताई, मी सांगतलं ना—"

"चालवू नको. नुसती बस गाडीत."

तिथं उभ्यानंच मेघानं सगळं सांगितलं. पिंकीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मले बरं वाटावं म्हणून बनवून सांगून राहिली तू."

"मी तुह्याशी कधी खोटं बोलली?"

"नाही," पिंकी म्हणाली. "पण इतक्या सोप्या कारणासाठी मी इतके महिने झोपली नाही, हे मले पटून नाही राहिलं."

तरी ती आली. ऊन कलायला लागलं होतं. मोहितनं गाडी डाव्या वळणाच्या तोंडाशी तशीच उभी ठेवली होती, इंजिन बंद. पिंकी बसली, हेल्मेट घातलं, पट्टे आवळून घेतले. पिंकीनं समोर पाहिलं, डावीकडं पाहिलं. तिचे खांदे वर चढले, नेहमीसारखे. मग मोहितनं पट्टे सैल केले आणि ती पुढं झुकली. मागं झाली. पुन्हा पुढं. कितीतरी वेळ ती तशी पुढं-मागं होत राहिली.

उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता.

"गाडी उभी असतानाही नाही दिसत," ती म्हणाली. "उभी असताना! मी स्वतःले भित्री समजून राहिली होती, ताई. त्या काकूंले शिकवताना मनात यायचं, आपल्यालेच येत नाही आणि आपण यांले काय शिकवून राहिलो."

"माह्यी चूक झाली."

"पाइपाची चूक नाही म्हणत मी. पाइप चुकतो. पण तू मले एकदा तरी विचारायचं, तिथं गेल्यावर काय होते तुले म्हणून. स्प्रिंगेले विचारत बसली."

खरंच मेघानं विचारलं नव्हतं. विचारलं तर पिंकी दरडीचं बोलेल, आदळतानाचं बोलेल, आणि ते ऐकायचं तिच्यात बळ नव्हतं. येताना पिकअपमध्ये पिंकी ते बोलली. विचारल्याशिवायच. गिट्टीचा आवाज कसा आला, दरड कशी अंगावर आली, पहिल्यांदा दुखलंच कसं नाही. मेघानं खिडकीबाहेर न पाहता सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मोहित ग्राइंडर घेऊन तयार होता. मेघानं पाइपावर खडूनं खूण केली, पुसली, पुन्हा केली. हा पाइप कापला की डावी बाजू उघडी पडणार होती. जिथं मागच्या वेळी मार बसला तीच बाजू. तिनं खडू खाली ठेवला.

"थांब," ती मोहितला म्हणाली. "मी परत हिशेब करते. कदाचित बारीक पाइप—"

"ताई." पिंकी दारात उभी होती, तिनं सुट्टी घेतली होती. "हा पाइप तू माह्यासाठी लावला का तुह्यासाठी?"

बाहेर एक ट्रक मागं येत बीप-बीप वाजत होता.

"काप," मेघा मोहितला म्हणाली.

ठिणग्या उडाल्या. पाइप सुटून पडला. मग कामाला खरी सुरुवात झाली, आणि या वेळी पिंकी सीटमध्ये बसून होती. हेल्मेट घालून, पट्टे आवळून. मोहितनं गोदामाच्या भिंतीवर शिडी लावून वर रंगाची रेघ ओढली, वळणानंतरचा रस्ता जितका वर असतो तितक्या उंचीवर. मेघा नवा पाइप हातानं धरून जागा बदलायची आणि पिंकी सांगायची: दिसते, नाही दिसत, दिसते. शेवटी तो खांद्याच्या उंचीवरून पुढं खाली जाईल असा बसला. खांदा झाकला गेला, डोळे मोकळे राहिले. डोक्याजवळची कमतरता भरायला मागच्या बाजूनं एक आधार दिला. तो पहिल्याइतका पक्का नव्हता. मेघाला ते माहीत होतं, आणि तिनं ते पिंकीला स्पष्ट सांगितलं. सीटही वर घेतली. कागदावर गाडी आता आधीपेक्षा वाईट होती.

"चालते," पिंकी म्हणाली. "बसायची मले आहे."

शर्यतीच्या दिवशी घाटात थंडी होती. सागाची पानं रस्त्यावर पडलेली, क्लबची माणसं ती झाडून काढत होती. मेघा वर गेली नाही. गेल्या वर्षीच्या त्या वळणापाशी, दोरीच्या मागं ती जाऊन उभी राहिली. शेजारी मोहित.

खालून गाडी सुटल्याचा आवाज आला. झाडांमध्ये तो कधी जवळ, कधी लांब वाटत होता. मेघानं हात खिशात घातले, काढले, मोहितची बाही धरली. मग गाडी दिसली. वळणाच्या आधी आवाज जरासा पडला. एक क्षणभर. गाडी आत शिरली, मागचं चाक थोडं सरकलं, पिंकीची मान डावीकडं वर वळलेली स्पष्ट दिसली. ती रस्ता पाहत होती. इंजिन ओरडलं आणि गाडी चढावर निघून गेली. आवाज पुढच्या वळणाला गेला, त्याच्या पुढच्या वळणाला, आणि यायचा थांबला नाही. वर शेवटच्या रेषेवर भोंगा वाजला.

पहिल्या फेरीत पिंकीचा नंबर मधेच कुठंतरी लागला. ती खाली आली तेव्हा मेघा टायरमधली हवा तपासायचा गेज घेऊन धावली.

"मागच्या टायरमध्ये थोडी कमी करते. वळणात सरकून राहिली."

"हात नको लावू," पिंकी म्हणाली. हेल्मेट काढून ती पिंजऱ्याला टेकली, बाटलीतलं पाणी गटागटा प्यायली. "त्या वळणाले पाय उचलला मी."

"ऐकलं."

"सगळं दिसत होतं तरी उचलला. म्हणजे भीती पण होतीच थोडी." तिनं तोंड पुसलं. "ती आहे म्हणा. तिचं मी पाहते. तू गाडीचं पाहा."

"हात नको लावू म्हणते आणि गाडीचं पाहा म्हणते."

"मग उभी राहा नुसती."

दुसरी फेरी दुपारनंतर होती. तोवरचा वेळ मेघानं कसा काढला ते मोहितलाच माहीत. ती गाडीभोवती फिरत होती, प्रत्येक नटाकडं पाहत होती, पण पाना तिनं उचलला नाही. पिंकी रांगेत बसून समोरच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत होती, हातवारे करून त्याला वळण समजावून सांगत होती.

तिचा नंबर पुकारला गेला. मोहितनं पट्टे आवळले. मेघा वाकली आणि पहिल्यांदाच तिनं विचारलं, "कसं वाटून राहिलं, पिंके?"

पिंकीनं थोडा विचार केला. "भीती आहेच संग," ती म्हणाली. "पण समोर सगळं साफ आहे."

झेंडा पडला आणि गाडी सुटली.